कोण कुठे उभं आहे?

‘डू द राइट थिंग’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्ध्या तासात माझी पंचाईत झाली. तोवर पडद्यावर वीस-पंचवीस माणसं येऊन गेली होती, एकमेकांवर ओरडून गेली होती, आणि त्यातली निम्मी मला धड ओळखूही येत नव्हती. नायक म्हणावा असा एक पोरगा होता, पण तो विशेष काही करत नव्हता. खलनायक म्हणावा असा कुणी सापडेना. गोष्ट सुरू व्हायची वाट बघत राहिलो आणि शेवटी जे घडलं त्यानं पार हादरून गेलो. पण ते तिथपर्यंत पोचलं कसं, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्यांदा पाहायला बसलो तेव्हा हाताशी एक पाठकोरा कागद घेतला. त्यावर एक रस्ता काढला, दोन्ही बाजूंना घरं काढली आणि जो माणूस जिथे दिसेल तिथे त्याचं नाव लिहीत गेलो. चित्रपट संपला तेव्हा कागद भरला होता आणि कोडंही बरंचसं सुटलं होतं. खूप पात्रांचा चित्रपट बघायचा कसा, असं कुणी विचारलं की तेव्हापासून मी हाच उपाय सांगतो. तुम्हीही एक कागद घ्या, आपण तो मिळून भरू. शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. पण शेवट ठाऊक असल्यानं हा चित्रपट फिका पडत नाही, उलट जास्त दिसतो.

रस्ता

कागदावरचा रस्ता खरा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बेडफर्ड-स्टायव्हेसंट नावाची जुनी कृष्णवर्णीय वस्ती आहे. तिथले लोक तिला ‘बेड-स्टाय’ म्हणतात. तिथल्या स्टायव्हेसंट अ‍ॅव्हेन्यूचा क्विन्सी स्ट्रीट ते लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यू एवढाच तुकडा दिग्दर्शक स्पाइक ली यानं निवडला आणि १९८८ च्या उन्हाळ्यात तिथे चित्रीकरण केलं. ली ब्रुकलिनमध्येच वाढलेला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि हा त्याचा तिसरा मोठा चित्रपट.

मोकळ्या पडलेल्या जागांवर कलादिग्दर्शक विन थॉमसनं नाक्यावरचा पिझ्झेरिया आणि त्याच्या समोरचं भाजी-किराण्याचं दुकान उभारलं. आसपास क्रॅक या अमली पदार्थाचे अड्डे होते. ते हलवायला आणि पुढे पहारा द्यायला लीनं ‘नेशन ऑफ इस्लाम’ची पथकं बोलावली. गंमत अशी की चित्रपटात मात्र क्रॅक कुठे दिसत नाही, आणि त्याबद्दल लीला पुष्कळ बोल खावे लागले. खऱ्या रस्त्यावर गोष्टीसाठी साफ करून घेतलेला रस्ता मांडला आहे, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

गोष्ट एका सकाळी सुरू होते आणि दुसऱ्या सकाळी संपते. त्या चोवीस तासांत आपण घरांच्या आत फार कमी वेळा जातो. माणसं दारापुढच्या दगडी पायऱ्यांवर बसतात, खिडकीत उभी राहतात, नाक्यावर खुर्च्या टाकतात. चाळीच्या गॅलरीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. समोरच्या घरात काय शिजतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण किती वाजता परतला, हे तिथे विचारावं लागत नाही.

ऊन

एवढी सगळी माणसं एकाच दिवशी रस्त्यावर का? लेखक म्हणून लीपुढचा हा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यानं हवेत शोधलं. हा वर्षातला सगळ्यात तापलेला दिवस आहे. घरात बसवत नाही, खिडकी लावून घेता येत नाही, रात्री झोप लागत नाही. उन्हानं सगळे बाहेर येतात आणि उन्हानंच सगळ्यांची डोकी तापतात.

पण एका दिवसाची गोष्ट कित्येक आठवडे चित्रित होत होती, आणि रोज तसंच ऊन कुठून आणणार? छायालेखक अर्नेस्ट डिकर्सन आणि विन थॉमस यांनी मग रंगांवर काम केलं. निळे-हिरवे रंग जमेल तिथे टाळले. लाल, नारिंगी, पिवळा, मातकट असे तापट रंग भिंतींवर आणि कपड्यांत आणले. नाक्यावरची एक अख्खी भिंत त्यांनी लालभडक रंगवली. हवा थरथरताना दिसावी म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाखाली आच धरली. रूथ कार्टरनं कपडे केले. पुढे ‘ब्लॅक पँथर’साठी ऑस्कर मिळवणारी तीच ही. चित्रपट बघताना कुणाचा सदरा कितपत भिजलाय याकडे लक्ष ठेवा. दिवस किती वर आला ते घड्याळाशिवाय कळतं.

या उन्हाचाच एक प्रसंग आहे. पोरं रस्त्यावरचा बंबवाल्यांचा नळ उघडतात आणि सगळी गल्ली भिजायला धावते. तेवढ्यात एक गोरा गृहस्थ आपली उघड्या टपाची जुनी गाडी घेऊन येतो आणि नको ते होतं. पोलीस येतात, नळ बंद करतात, कुणी केलं म्हणून विचारतात आणि कुणीही कुणाचं नाव सांगत नाही. प्रसंग हसवणारा आहे, पण त्यात दोन गोष्टी पदरात पडतात. एक, संकटाला गल्ली एक होते. दोन, या दोन पोलिसांचे चेहरे आपल्या ओळखीचे होतात. पोलिसांची नावं कागदावर गल्लीच्या बाहेर लिहा, कारण ते इथले नाहीत.

खिडक्या, पायऱ्या, नाका

आता जी माणसं दिवसभर जागा सोडत नाहीत त्यांची नावं लिहू.

पहिलं नाव मिस्टर सेन्योर लव्ह डॅडी. रस्त्याला लागून काचेच्या खिडकीआड त्याचं छोटं रेडिओ केंद्र आहे. त्याच्या घड्याळाच्या गजरानं गोष्ट सुरू होते. गाणी लावणं, हवामान सांगणं, मधूनच गल्लीला दटावणं ही त्याची कामं. आपल्याकडच्या नाटकातल्या सूत्रधाराची जागा त्याला दिली आहे म्हटलं तरी चालेल. भूमिका केली आहे सॅम्युअल एल. जॅक्सननं, ‘पल्प फिक्शन’नं त्याला जगभर पोचवण्याच्या पाच वर्षं आधी. जवळजवळ सगळी भूमिका बसून आहे. आवाज आणि टोप्या एवढंच भांडवल, पण तो नसेल तेव्हा गल्ली मुकी वाटते.

दुसऱ्या खिडकीत मदर सिस्टर. घर तिचं स्वतःचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर तिचा डोळा. खाली फूटपाथवर डा मेयर, मळक्या सुटातला बीअरबाज म्हातारा. तो टोपी काढून तिला नमस्कार करतो, ती वरून त्याला झाडते. रूबी डी आणि ऑसी डेव्हिस यांनी ही दोन माणसं उभी केली आहेत. पडद्यावर ती एकमेकांना झिडकारतात. प्रत्यक्षात त्यांनी १९४८ मध्ये लग्न केलं होतं. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात दोघंही व्यासपीठावर होती. १९६५ मध्ये माल्कम एक्सच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचं भाषण डेव्हिसनं केलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना हे ठाऊक होतं. म्हणून गल्लीतली तरुण पोरं या दारुड्या म्हाताऱ्याला फटकारतात तेव्हा त्या फटकाऱ्याला दोन पिढ्यांचं वजन येतं. डेव्हिसनं तो प्रसंग कसा केला आहे ते बघा. पोटच्या पोरांना खायला घालता येत नाही तेव्हा बापाचं काय होतं, हे सांगताना तो आवाज चढवत नाही. आपण उघडे पडलोय हे कळूनही तो तसाच उभा राहतो.

लाल भिंतीपुढे छत्रीखाली तिघं बसलेत: एम. एल., कोकोनट सिड आणि स्वीट डिक विली. पॉल बेंजामिन, फ्रँकी फेझन आणि रॉबिन हॅरिस. यांना काम नाही, घाई नाही, मतं मात्र पुष्कळ. समोरच्या कोरियन दुकानाकडे बघून एम. एल. कुढतो की ही माणसं काल आली आणि आज दुकान थाटून बसली, आपण इतकी वर्षं इथे राहून काय केलं? बाकीचे दोघे त्याची टर उडवतात आणि विली त्याच दुकानात बीअर आणायला उठतो. हॅरिस मूळचा रंगमंचावर एकट्यानं विनोद सांगणारा कलावंत. वाक्य कुठे सोडायचं आणि कुठे अडवायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. तिघांच्या या गप्पा पारावरच्या वाटतात, पण मालक कोण आणि गिऱ्हाईक कोण, हा चित्रपटाचा खरा वाद पहिल्यांदा इथेच मोकळेपणानं बोलला जातो. आणि आपण तो हसत हसत ऐकून सोडून देतो.

नाक्यावर सॅलचा पिझ्झेरिया. सॅल इटालियन वंशाचा. पंचवीस वर्षं याच जागी आहे, आणि इथली पोरं आपल्या पिझ्झ्यावर वाढली याचा त्याला अभिमान आहे. पण तो राहतो बेन्सनहर्स्टमध्ये, ब्रुकलिनच्याच गोऱ्या वस्तीत. रोज सकाळी दोन मुलांना गाडीत घालून इथे येतो आणि रात्री परत जातो. थोरल्या पिनोला ही गल्ली नकोशी आहे, धाकट्या व्हिटोचं इथे बरं जमतं. जॉन टर्टुरो आणि रिचर्ड एडसन या दोघांचं भावंडपण शब्दांपेक्षा धक्काबुक्कीतून जास्त दिसतं.

चालणारा माणूस

एवढी माणसं आपापल्या जागी बसली, आता त्यांना बांधणारा धागा हवा. तो मूकी: सॅलकडे आठवड्याला अडीचशे डॉलरवर पिझ्झा घरपोच देणारा पोऱ्या. भूमिका स्पाइक लीनंच केली आहे. पहिल्यांदा मला हा नायक ढिम्म वाटला होता. कागदावर त्याच्या वाटा आखायला लागलो तेव्हा चूक लक्षात आली. कुणाच्याही दारात जायचा परवाना असलेला तो एकटाच आहे. खोके घेऊन तो लव्ह डॅडीच्या काचेपाशी जातो, डा मेयरपाशी थांबतो, कामातून पळून बहिणीकडे जातो, आपल्या मुलाच्या आईकडे जातो. त्याच्या मागे कॅमेरा जातो आणि कॅमेऱ्यामागे आपण. प्रत्येक जण त्याला काहीतरी सांगतो, सुनावतो किंवा त्याच्याकडे मागतो. वाटेत थांबवून डा मेयर त्याला एवढंच बजावतो की नेहमी जे योग्य तेच करत जा. एवढंच? असं विचारून मूकी चालू लागतो. चित्रपटाचं नाव या अर्ध्या मिनिटात येऊन जातं, आणि कुणी थांबून त्याच्याकडे बघतही नाही.

लीच्या अभिनयाला मर्यादा आहेत. टर्टुरो किंवा सॅल झालेला डॅनी आयेलो समोर असले की ते कळतं. पण ही भूमिका सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्याची आहे. मूकीनं आधीच आपलं मत सांगून टाकलं असतं तर शेवटाला अर्थ उरला नसता.

बहिणीच्या, म्हणजे जेडच्या, भूमिकेत लीची सख्खी बहीण जॉई आहे, आणि पार्श्वसंगीत वडील बिल ली यांचं. मूकीच्या मुलाची आई टीना, ती रोझी पेरेझ. हा तिचा पहिला चित्रपट. सुरुवातीच्या नामावलीत ती एकटी नाचते, पुढे मुष्टियोद्ध्याचे हातमोजे चढवून नाचते, आणि तो नाच म्हणजे एक भांडणच आहे. त्यानंतर मात्र जवळजवळ सगळा वेळ ती घराच्या चार भिंतींत, मूकीची वाट बघत चिडलेली. सगळी गल्ली बाहेर असताना तिला जागा मिळाली ती आत. लीच्या स्त्रीपात्रांवर तेव्हा टीका झाली. कागद भरताना तिचं कारण आपोआप दिसतं.

हातात काय आहे

माणसं ओळखण्याची दुसरी खूण त्यांच्या हातात आहे. पात्रं खूप असली की प्रत्येकाला पुरेसा वेळ देता येत नाही, म्हणून लीनं प्रत्येकाला एक वस्तू दिली आहे. मूकीला पिझ्झ्याचं खोकं. डा मेयरला बीअरचा डबा. स्मायलीला फोटो. बगिन आउट या बडबड्या पोराला पांढरेशुभ्र नवे बूट. सॅलला गल्ल्याखाली ठेवलेली बेसबॉलची बॅट. आणि रेडिओ रहीमला सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर.

बिल ननचा रहीम धिप्पाड आणि अबोल आहे. कॅमेरा त्याला बऱ्याचदा खालून, तिरका धरून दाखवतो, त्यामुळे तो आहे त्याहून अवाढव्य वाटतो. त्याच्या यंत्रावर एकच गाणं वाजत असतं, ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटानं या चित्रपटासाठी केलेलं ‘फाइट द पॉवर’. तो कोपऱ्यावरून वळायच्या आधी गाणं वळतं. बिल लींचं संगीत जॅझच्या अंगानं जाणारं, तंतुवाद्यांचं, जुन्या ब्रुकलिनची आठवण काढणारं आहे. रहीम आला की ते बाजूला होतं. एका प्रसंगात पायऱ्यांवर बसलेली प्वेर्तो रिकोची मंडळी आपल्या साल्सा गाण्याचा आवाज वाढवतात, रहीम आपला वाढवतो, आणि शेवटी ते हार मानतात. विनोदीच वाटतं, पण घर नसलेल्या माणसाला रस्त्यावरची जागा आवाजानंच धरता येते, हे इथे मुकाट्यानं सांगितलेलं आहे.

रहीमच्या दोन्ही हातांच्या बोटांवर पितळी अक्षरं आहेत, एकीकडे प्रेम, दुसरीकडे द्वेष. १९५५ च्या ‘द नाइट ऑफ द हंटर’मध्ये रॉबर्ट मिचमच्या बोटांवर हेच शब्द गोंदलेले होते. लीनं ते उचललेत आणि लपवलेले नाहीत. या दोन हातांची झुंज रहीम मूकीला सांगतो तेव्हा कॅमेरा मूकीच्या जागी उभा असतो, म्हणजे रहीम सरळ आपल्या डोळ्यांत बघून बोलतो. इतका वेळ भीती घालणारा हा माणूस या मिनिटात एकदम कोवळा, गोष्ट सांगायला आसुसलेला पोरगा होतो. ननची सगळी कमाई या एका बदलात आहे. हा प्रसंग दोनदा बघा. रात्रीचं दुःख इथूनच सुरू होतं.

स्मायलीची गोष्ट आणखी वेगळी. अडखळत बोलणारा हा माणूस मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांचा एकत्र फोटो रंगवून विकत फिरतो. दोघे आयुष्यात एकदाच भेटले, २६ मार्च १९६४ ला वॉशिंग्टनमध्ये, आणि हा फोटो त्या भेटीचा. मूळ पटकथेत स्मायली नव्हताच. रॉजर ग्वेनवर स्मिथला घ्यायचं म्हणून लीनं ही भूमिका घडवली. चित्रपट पाहून झाल्यावर तो नसता तर काय, अशी कल्पना करून बघा.

भिंत

आता भांडण. सॅलच्या दुकानात एका भिंतीवर फोटो लावलेत: सिनात्रा, डिमॅजिओ, पचिनो, डी नीरो. सगळे इटालियन वंशाचे. (सॅलची भूमिका लीला आधी डी नीरोकडूनच करून घ्यायची होती. तो आला नाही, त्याचा फोटो मात्र भिंतीवर आहे.) बगिन आउट पिझ्झा खाता खाता मान वर करतो आणि विचारतो की या भिंतीवर आमचं कुणी का नाही? सॅल म्हणतो, दुकान माझं, भिंत माझी. तू स्वतःचं दुकान काढ आणि हवे ते फोटो लाव. बगिन आउट म्हणतो, इथे पैसे मोजतो कोण? आम्हीच ना?

दोघांचंही म्हणणं तिथल्या तिथे खोडून काढता येत नाही. चार फोटोंवरून एवढा गदारोळ कशाला, असं आपल्याला वाटतं, गल्लीलाही वाटतं. बगिन आउट दुकानावर बहिष्कार घालायला सांगत दारोदार फिरतो आणि सगळे त्याला हसतात. त्याच्या बाजूला येतात फक्त रहीम आणि स्मायली. जियानकार्लो एस्पोझिटोनं हा बडबड्या, चष्मेवाला पोरगा इतका हास्यास्पद आणि इतका प्रामाणिक एकाच वेळी केला आहे की त्याला झटकून टाकता येत नाही. आणखी एक योगायोग: इटालियन भिंतीविरुद्ध उठलेल्या या नटाचे वडील इटालियन होते.

भांडण पिकत असतानाच ली मध्येच गोष्ट थांबवतो. पाच माणसं, एकामागून एक, कॅमेऱ्याकडे बघून शिव्यांची लाखोली वाहतात. मूकी इटालियनांना, पिनो काळ्यांना, प्वेर्तो रिकोचा स्टीव्ही कोरियनांना, गोरा पोलीस प्वेर्तो रिकोवाल्यांना आणि कोरियन दुकानदार सनी ज्यूंना. कुणी कुणाचं ऐकत नाही, जो तो फक्त शिवी देतो. कागदावर त्यांच्यामध्ये बाण काढले तर लक्षात येईल की मूकी आणि पिनो सोडले तर कुणाचाही बाण परतून येत नाही. शेवटी लव्ह डॅडी सगळ्यांना थांबवतो, जणू मैदानावरचा पंच.

याच्या उलट टोकाला एक संथ प्रसंग आहे. दुपारी सॅल आणि पिनो खिडकीजवळच्या टेबलाशी बसतात. पिनो सांगतो की मित्र मला हसतात, आपण हे विकून दुसरीकडे जाऊ. सॅल ऐकतो, समजावतो आणि या जागेबद्दल बोलताना त्याचा आवाज हळवा होतो. तेवढ्यात काचेबाहेर स्मायली फोटो घेऊन येतो आणि पिनोचा तोल जातो. डॅनी आयेलोला साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं ते कशासाठी, हे इथे कळतं. सॅल वंशद्वेष्टा आहे की नाही यावर ली आणि आयेलो यांचं एकमत कधीच झालं नाही. त्या मतभेदाचा भूमिकेला फायदाच झाला. लेखकाच्या मनात एक सॅल होता, नटाच्या मनात दुसरा, आणि पडद्यावर दोघेही दिसतात.

रात्र

दुकान बंद करायची वेळ. दिवस चांगला गेलाय, गल्ला भरलाय, सॅल खुशीत आहे. तो मूकीला सांगतो की तू मला मुलासारखा, तुझ्यासाठी इथे कायम जागा आहे. कागदावर ‘जागा’ या शब्दाखाली रेघ मारा. त्यानंतर काही क्षणांत दार वाजतं. चार पोरांना पिझ्झा हवाय म्हणून सॅल दार उघडायला सांगतो, आणि त्यांच्या मागोमाग बगिन आउट, रहीम, स्मायली आणि ते गाणं आत येतं.

इथून पुढे प्रत्येक वस्तू आपापल्या ठरलेल्या कामाला लागते. सॅलची बॅट टेपरेकॉर्डरवर पडते. गाणं थांबतं. दिवसभर कधी न ऐकलेली शांतता पसरते. मग रहीम सॅलच्या गळ्याला हात घालतो, भांडण रस्त्यावर येतं, पोलीस येतात आणि एक पोलीस दांडक्यानं रहीमचा गळा आवळून धरतो. त्याचा साथीदारही बस म्हणतो, तरी तो सोडत नाही. रहीम मरतो. त्या पोलिसाचं काम करणारा रिक आयेलो हा डॅनी आयेलोचा मुलगा.

हा प्रसंग हवेतून आलेला नाही. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकात भिंतीवर लिहिलं म्हणून पकडलेला तरुण मायकल स्ट्युअर्ट पोलिसांच्या ताब्यात असताना मरणपंथाला लागला. १९८६ मध्ये हॉवर्ड बीच या भागात गोऱ्या टोळक्यानं पाठलाग केल्यामुळे मायकल ग्रिफिथ गाडीखाली आला. लीनं चित्रपट अर्पण केला आहे तो अशाच सहा मृतांच्या कुटुंबीयांना.

आता कागदाकडे बघा. पोलीस रहीमचं शरीर घेऊन निघून जातात. दुकानापुढे सॅल आणि त्याची दोन मुलं, त्यांच्या शेजारी मूकी. समोर सगळी गल्ली. डा मेयर मधे उभा राहून विनवतो, कुणी ऐकत नाही. मूकी कधी इकडे बघतो, कधी तिकडे. मग तो सॅलच्या बाजूनं निघतो, चालत कचऱ्याच्या डब्यापाशी जातो, आतली पिशवी काढून ठेवतो आणि डबा उचलून काचेवर फेकतो. दिवसभर सगळ्यांच्या दारात गेलेला, कुणाच्याच बाजूला उभा न राहिलेला माणूस इथे जागा बदलतो.

त्यानंतर गल्ली दुकानात शिरते. डा मेयर सॅलला आणि मुलांना बाजूला खेचून वाचवतो. दुपारी सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला स्मायली काडी ओढतो. जमाव कोरियन दुकानाकडे वळतो तेव्हा पुढे असतो एम. एल., सकाळी कुढणारा तोच. झाडू फिरवत सनी ओरडतो की मीही काळाच, आणि सिड म्हणतो, सोडा त्याला. स्टीव्ह पार्कचा हा प्रसंग भीती आणि हसू यांच्या इतक्या काठावर आहे की जमावालाही हसावं की मारावं ते कळत नाही. बंबवाले येतात आणि पाणी आगीवरून माणसांवर वळतं. ज्यांना १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीय निदर्शकांवर सोडलेले पाण्याचे झोत आठवत होते त्यांना दुसरं काही सांगायची गरज नव्हती. दुपारी गल्लीला भिजवून हसवणारं तेच पाणी. आणि मदर सिस्टर, दिवसभर खिडकीतून बघणारी, आता रस्त्यावर उभी राहून किंचाळते आहे. डा मेयर तिला कवेत घेतो.

या सगळ्यात स्मायली जळत्या दुकानात जाऊन आपला फोटो भिंतीवर लावतो. बगिन आउटची मागणी पुरी झाली, पण तेव्हा भिंतच उरणार नव्हती.

सकाळ

दुसऱ्या दिवशी मूकी राखेतून वाट काढत सॅलकडे आठवड्याचे पैसे मागायला जातो. सॅल शंभरच्या नोटांचे बोळे करून त्याच्या अंगावर फेकतो. दोघे भांडतात आणि हवेबद्दलही बोलतात. मिठी नाही, माफी नाही. मूकी पैसे घेतो आणि निघतो, लव्ह डॅडी नवं गाणं लावतो. शेवटी पडद्यावर दोन विचार येतात, हिंसेला नाकारणारा किंग यांचा आणि स्वसंरक्षणासाठी हिंसा मान्य करणारा माल्कम एक्स यांचा.

३० जून १९८९ ला चित्रपट लागला तेव्हा काही समीक्षकांनी लिहिलं की हा पाहून दंगली होतील. दंगली झाल्या नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये बेन्सनहर्स्टमध्ये, जिथे सॅल राहतो असं दाखवलंय तिथे, युसुफ हॉकिन्स या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या टोळक्यानं ठार मारलं. पटकथेसाठी लीला आणि सॅलसाठी आयेलोला ऑस्करची नामांकनं मिळाली, बक्षीस मिळालं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत चित्रपटाची निवड झाली आणि २०१५ मध्ये त्या रस्त्याच्या तुकड्याला चित्रपटाचं नाव दिलं गेलं. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर लीनं एक छोटी फिल्म केली आणि तिच्यात पोलिसांच्या हातून मेलेले एरिक गार्नर आणि फ्लॉइड, आणि रेडिओ रहीम यांचे शेवटचे क्षण एकमेकांना जोडले.

मूकीनं योग्य केलं का, हा प्रश्न लोक लीला वर्षानुवर्षं विचारत आले आहेत. ली म्हणतो की हा प्रश्न विचारणारे गोरे प्रेक्षकच असतात. कुणी म्हणतं, काच फोडून त्यानं जमावाचा राग सॅलच्या अंगावरून दुकानावर वळवला. कुणी म्हणतं, मित्र डोळ्यांदेखत मेला आणि त्याला राहवलं नाही. पडद्यावर दोन्हींना जागा आहे. मी मात्र तो प्रश्न आता जरा वेगळा विचारतो: त्या आधी तो उभा कुठे होता, आणि त्याला तिथे कुणी उभं केलं होतं?

माझ्या त्या पाठकोऱ्या कागदावर मूकीचं नाव दोनदा आहे. एकदा सॅलच्या दाराशी, एकदा काचेसमोर. मधलं अंतर फार तर वीसेक पावलांचं असेल. चित्रपट दोन तासांचा आहे आणि तो सगळा वेळ त्या पावलांसाठीच लागलेला आहे.